बरें होण्याचें माप

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागें दिनदर्शिका टांगलेली असते, आणि तिच्यावर दुधाचा हिशेब ठेवण्याची चाल आमच्या आईच्या अमदानीपासूनची आहे. ज्या दिवशीं गवळी आला नाहीं त्या तारखेच्या चौकोनांत एक टिंब द्यावयाचें; महिनाअखेर टिंबें मोजावयाचीं आणि तेवढे पैसे वजा घालून बिल चुकतें करावयाचें. टिंब म्हणजे खाडा. २०२३ सालीं फेब्रुवारीचें पान उलटतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, ह्या वेळीं निळ्या टिंबांबरोबर तांबडींहि टिंबें आहेत, आणि तीं निळ्यांहून पुष्कळच अधिक आहेत. वहिनींस विचारलें. त्या प्रथम कांहींच बोलल्या नाहींत. मग ओले हात पुसतां पुसतां म्हणाल्या, "तो आपणहून आंघोळीला गेला नाहीं, ते दिवस आहेत, भाऊजी."

तो म्हणजे वहिनींचा धाकटा मुलगा, आमचा पुतण्या. साताऱ्यास आमचें तीन भावांचें घर अद्याप एकत्र आहे. रात्रीं अकरा पानें मांडलीं जातात. ह्या लेखांत आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतों तें कांहींसें लेखनाच्या रिवाजानें आणि कांहींसें खरोखरच. कारण जें चुकलें तें अकरा जणांनीं मिळून चुकविलें. हें लिहिण्यास पुतण्याची परवानगी घेतली आहे. त्यानें मसुदा वाचून दोन ठिकाणीं काट मारली आणि एका ठिकाणीं आमच्या आठवणींतील चूक दुरुस्त केली.

२०२२ च्या गणपतींत तो पुण्याहून घरीं आला तेव्हां एकोणीस वर्षांचा होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकत होता. आरती चालू असतां तो कानांवर हात घेऊन उभा राहिला. आम्हांस वाटलें, झांजांचा गलका सोसत नसेल. पुढें दोन दिवसांनीं त्यानें आमच्या धाकट्या भावास एकांतीं सांगितलें कीं, वसतिगृहांतील मुलांस आपले विचार ऐकूं जातात आणि रात्रीं छताच्या वर दोन माणसें आपल्याविषयीं बोलत असतात. ह्यानंतर शहाण्या माणसांनीं जें करावें तें न करतां आम्हीं पत्रिका दाखविली, त्र्यंबकेश्वरास जाऊन नारायण नागबळी केला, आणि 'अभ्यासाचा ताण' ह्या दोन शब्दांच्या आश्रयानें अकरा आठवडे घालविले. घरांत दोघे पदव्युत्तर आणि एक औषधांचा दुकानदार असतांना हें घडलें, हें येथें नमूद केलेंच पाहिजे. डिसेंबरांत एका रात्रीं तो अनवाणी घराबाहेर पडून महामार्गापर्यंत चालत गेला, तेव्हां कोठें दुसऱ्या दिवशीं आम्ही मनोविकारतज्ज्ञांच्या दारीं उभे राहिलों.

ज्या अवस्थेंत माणसाचें वास्तवाचें भान सुटतें, नसलेले आवाज ऐकूं येतात, निराधार समजुती पक्क्या होऊन बसतात, तिला हल्लींच्या वैद्यकांत सायकोसिस म्हणतात. छिन्नमनस्कता हा तिच्यांतीलच एक मोठा आजार. त्याचा क्रूरपणा पुष्कळसा त्याच्या वेळेंत आहे. तो बहुधा सतरा-अठरापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या वयांत प्रथम प्रगट होतो. म्हणजे मुलें ज्या वयांत शिक्षण पुरें करतात, मित्र जोडतात, पहिली नोकरी धरतात, नेमकी तींच वर्षें तो मागून घेतो. उपचारास जितका विलंब तितकें पुढचें बरें होणें जड, हें आतां सर्वत्र मान्य आहे. त्या अकरा आठवड्यांचा हिशेब आम्हीं कोणास द्यावा?

औषधानें आवाज मंदावले. संक्रांतीच्या सुमारास त्यानें स्वतःच सांगितलें कीं, छतावरचीं माणसें आतां शेजारच्या खोलींत गेलीं आहेत. मार्चापर्यंत तीं रस्त्यापलीकडे गेलीं. घरांत सर्वांनीं सुटकेचा श्वास सोडला. आईनें देवास पेढे ठेवले. आणि मुलगा सकाळीं दहास उठून रात्रीं नऊपर्यंत माजघराच्या खिडकीशीं बसून राहूं लागला.

येथें 'बरें होणें' ह्या शब्दाची आमची पहिली ओळख पटली. २००५ सालीं अमेरिकेंतील नॅन्सी अँड्रीअसन ह्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं छिन्नमनस्कतेंत आजार ओसरला असें केव्हां म्हणावें ह्याची एक कसोटी ठरवून दिली: ठराविक आठ लक्षणें सौम्य अथवा त्याहूनहि कमी झालेलीं असावींत, आणि ही स्थिति सहा महिने टिकावी. कसोटी चांगली आहे. तिच्यामुळें देशोदेशींचे डॉक्टर एका भाषेंत बोलूं लागले. परंतु त्या आठांत मुलानें दाराची घंटा वाजल्यावर उठून दार उघडलें कीं नाहीं, हें कोठेंच येत नाहीं. आवाज जाणें ही एक गोष्ट. माणूस परत येणें ही दुसरी. मेलबोर्न येथें पहिल्यांदाच आजारी पडलेल्या तरुणांचा सुमारें साडेसात वर्षें मागोवा घेऊन २०१२ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो वाचून आम्ही रात्रभर जागे होतों. चौदाव्या महिन्यास ज्यांचें शिक्षण, काम, मित्रमंडळ पुनः रुळावर आलें होतें, त्यांचें पुढें सर्वार्थानें बरें होणें त्यावरून वर्तवितां आलें. नुसतीं लक्षणें गेलीं होतीं एवढ्यावरून तें वर्तवितां आलें नाहीं. आम्ही दिवस मोजूं लागलों, आणि चौदा महिने म्हणजे किती थोडे हें कळून आलें.

मार्चांतल्या भेटींत डॉक्टरांनीं विचारलें, "आंघोळ स्वतः करतो का?"

"हो, आतां रोज करतो," वहिनी म्हणाल्या. तांबडीं टिंबें त्या महिन्यांत खरेंच कमी झालीं होतीं.

"पाणी कोण काढतं?"

वहिनी गप्प.

"कपडे कोण काढून ठेवतं?"

"मीच."

"आणि आंघोळीची वेळ झाली, हें कोण सांगतं?"

ह्या प्रश्नावर दादा खिडकीबाहेर पाहूं लागले. डॉक्टर रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले कीं, तुमचें घर फार चांगलें आहे, आणि म्हणूनच तुमच्या उत्तरांवर मला विसंबतां येत नाहीं.

ह्या वाक्याचा अर्थ उलगडण्यास आम्हांस बरेच दिवस लागले. एकत्र कुटुंबांत एखादें माणूस कांहींच करीत नसलें, तरी तें लौकर उघडकीस येत नाहीं. पोळी ताटांत पडते, गोळी तळहातावर ठेवली जाते, फी कोणी तरी भरतो, पाहुण्यांशीं दुसरा कोणी बोलतो. आमच्यासारख्या घरांचें ह्याबाबतींत कौतुकहि पुष्कळ झालेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत ह्या आजाराची जी पाहणी आरंभिली, तिचें आपल्याकडील केंद्र आग्र्यास होतें. आणि हिंदुस्थान, नायजेरिया अशा देशांतील रोगी श्रीमंत देशांतील रोग्यांहून चांगले सांवरतात, असें त्या पाहणींतून पुढें आलें. त्याचें श्रेय आम्हीं घरबसल्या एकत्र कुटुंबास देऊन टाकलें. पुढें २००८ सालीं ज्यांनीं ह्या निष्कर्षाविषयीं शंका घेतली, त्यांत चेन्नईच्या डॉक्टर आर. थारा आणि गोव्यांत ज्यांचें काम विख्यात आहे ते डॉक्टर विक्रम पटेल असे आपलेच लोक होते. घराचा आधार खोटा नव्हे. परंतु आधार दिलेल्या माणसाचें वजन करतांना आधार देणाऱ्याचा हात तराजूवर असूं नये, एवढी गोष्ट आम्हीं तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकवून घरीं विसरलों होतों.

डॉक्टरांनीं एक वही ठेवण्यास सांगितलें. गुढीपाडव्यास ती घातली. हिशेबाची पद्धत त्यांनीं अशी समजावून दिली: इंग्लंडांत पहिल्या आजारांतून उठलेल्या तरुणांचें कामकाज मोजण्यासाठीं आठवड्याचे तास मोजतात. शिक्षण, नोकरी, स्वेच्छेचें काम, घरकाम, मुलांची देखभाल, खेळ, बाहेर पडून केलेली करमणूक, ह्यांत गेलेला वेळ धरावयाचा. झोप, नुसतें बसणें आणि दूरचित्रवाणीपुढें पडून राहणें धरावयाचें नाहीं. २०१५ सालीं तेथें प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत निरोगी तरुणांचे असे तास आठवड्यास सुमारें त्रेसष्ट भरले होते. तिसांच्या खालीं गेल्यास त्यास मदतीची निकड आहे असें मानतात. आमच्या पुतण्याचे पहिल्या आठवड्याचे तास भरले नऊ. त्यांतले तीन आजीला वर्तमानपत्र वाचून दाखविण्यांत गेले होते, आणि ते धरावे कीं नाहींत ह्याबद्दल जेवतांना वाद झाला. आई म्हणाली, "माझं काम तें काम नव्हे होय?" ते धरले.

मापनाआधीं उपकरणाची शून्यचूक पाहावी, हें आम्हीं व्हर्निअर कॅलिपर हातीं देऊन शेंकडों मुलांस शिकविलें असेल. मे महिन्यांत ही बुद्धि आम्हांस घरांत सुचली. आमचा स्वतःचा मुलगा पुतण्याहून चार महिन्यांनीं लहान. निरोगी, हुषार, वाणिज्य शाखेचा. त्यास न कळवितां त्याचाहि एक आठवडा आम्हीं वहींत उतरून घेतला. सात दिवसांत त्यानें अंथरुणाची घडी एकदांहि घातली नाहीं. पाणी स्वतःच्या हातानें दोनदां घेतलें. आंघोळीस जाण्यास त्यास रोज सांगावें लागलें, आणि एके दिवशीं तर दोनदां. पुतण्याच्या नांवावर आम्ही ज्या ज्या गोष्टींचे खाडे मांडीत होतों, त्यांतल्या निम्म्या गोष्टी आमच्या घरांत कोणताच मुलगा करीत नव्हता! मात्र तास मोजले तेव्हां आमच्या चिरंजीवांचे अठ्ठावन्न भरले: महाविद्यालय, क्रिकेट, मित्रांच्या दुचाकीवरून अजिंक्यताऱ्यावर जाणें. फरक अंथरुणाच्या घडींत नव्हता. तो उंबरठ्याच्या बाहेर होता. त्या आठवड्याचा एक आनुषंगिक लाभ असा झाला कीं, घरांतील सर्व मुलगे आपापलीं अंथरुणें उचलूं लागले. वहिनींची तेवढी कटकट वांचली.

आपल्याकडे सरकारी कामासाठीं जें माप वापरण्यांत आलें त्याचें नांव आयडियाज. तें भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें तयार केलें. त्यांत चार रकाने: स्वतःची निगा, माणसांशीं संबंध, बोलणें व समजणें, आणि काम. प्रत्येकास शून्यापासून चारपर्यंत आंकडा द्यावयाचा. जितका आंकडा मोठा तितकी अडचण मोठी. आजाराला किती वर्षें झालीं त्याचाहि आंकडा त्यांत मिळवितात, आणि त्यावरून अपंगत्वाचा दाखला ठरतो. अशा दाखल्याचा विषय घरीं निघाला, तेव्हां एक मौजेची पण विचार करण्याजोगी गोष्ट दिसून आली. दाखल्यासाठीं बोलावयाचें तर दादा मुलाची स्थिति होती त्याहून वाईट सांगत. डॉक्टरांपुढें होती तशी सांगण्याचा प्रयत्न करीत. आणि लग्नकार्यांत कोणी भेटलें कीं तो पुण्यास 'प्रोजेक्ट' करीत असे. एका मुलाचीं तीन मापें, आणि तिन्हीं वेळां मुलगा दोन हातांच्या अंतरावर उभा!

आईचें माप चवथेंच होतें. तिच्या मतें लग्न झालें कीं माणूस बरा झाला. ह्या प्रश्नावर आम्हीं आईशीं जन्मांत प्रथमच चढ्या आवाजानें बोललों. चेन्नईच्या ज्या संस्थेंत डॉक्टर थारा काम करीत, ती १९८४ सालीं डॉक्टर शारदा मेनन ह्यांनीं स्थापिली. आणि हा आजार असलेल्या ज्या स्त्रियांचे विवाह मोडले, त्यांच्याविषयीं त्या संस्थेंतून २००३ सालीं दोन लेख प्रसिद्ध झाले. ते मिळवून आम्हीं आईस मराठींत समजावून सांगितले. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "हें मुलींचं झालं. मुलांचं काय लिहिलंय?" ह्यावर आम्हीं काय बोलावें?

मुलींवरून आठवलें तें येथेंच सांगतों, कारण पुढें सांगण्यास जागा मिळेलसें वाटत नाहीं. आमच्या नात्यांत कऱ्हाडकडील एका घरीं अशीच एक मुलगी आहे. बी. एस्सी. च्या शेवटच्या वर्षीं ती आजारी पडली. आज तिला सहा वर्षें झालीं. त्या घरीं आम्ही जेवावयास गेलों होतों; नऊ माणसांच्या पोळ्या तिनें एकटीनें केल्या, आग्रह करून वाढल्या. तिचे वडील अभिमानानें म्हणाले, "आतां अगदीं बरी आहे. सगळं घर सांभाळते." कोणत्याहि मापानें पाहा, घरकाम हें काम धरलेंच आहे आणि तें धरलेंच पाहिजे, तिचे तास आमच्या पुतण्याच्या तिप्पट भरले असते. पानावर ताक वाढतांना ती हळूच म्हणाली, "काका, राहिलेले विषय द्यायचे असले तर वयाची अट असते का हो?" आम्हीं चौकशी करून कळवितों म्हटलें. चौकशी केली, कळविलेंहि. पत्राचें उत्तर तिच्या वडिलांचें आलें. मुलगा खिडकीशीं बसला कीं घर हवालदिल होतें. मुलगी चुलीशीं उभी राहिली कीं घर निर्धास्त होतें. तिच्यांतलें काय परत आलें नाहीं, हें विचारण्याचा रकानाच त्या घरांत कोणीं आंखलेला नाहीं.

आतां वहीकडे वळूं. तिचा फायदा झाला नाहीं असें नव्हे. तीन महिन्यांच्या नोंदी पाहून डॉक्टरांच्या ध्यानांत आलें कीं, मुलगा दहाच्या आधीं कधींच उठत नाहीं आणि दुपारीं पुनः दोन तास झोपतो. आम्हीं त्यास आळस म्हणत होतों. धाकट्या भावानें तर त्यावर एक म्हणहि रचली होती. डॉक्टरांनीं औषधाचें प्रमाण व वेळ बदलून दिली. जुलैपर्यंत तो आठास उठूं लागला. म्हणजे ज्या आळसाबद्दल आम्ही त्यास टोंचून बोलत होतों, तो त्याच्या स्वभावांत नसून गोळींत होता.

त्या वर्षीं श्रावण अधिक आला होता. अधिकांतल्या एका संध्याकाळीं आम्हीं नेहमीप्रमाणें नोंद करण्यास वही उघडली, तों आदल्या दिवशींच्या पानावर शिसपेनीचीं अक्षरें दिसलीं. आमची नोंद अशी होती: 'सायं. ५ ते ७ खिडकीशीं रिकामा बसला.' तिच्याखालीं त्यानें लिहिलें होतें: 'रिकामा नव्हतों. आवाज येत होते. त्यांच्याकडे लक्ष न देण्याचें काम करीत होतों.'

मागचीं पानें चाळलीं. त्यानें सबंध वही वाचली होती. जूनमधली एक नोंद होती: 'कोथिंबीर आणण्यास मंडईंत पाठविला. दीड तासानें रिकाम्या हातानें परत.' त्यापुढें त्याचें अक्षर: 'भाजीवाल्या मावशींच्या समोर पांच वेळां गेलों. तीन माणसें उभीं होतीं. दुसऱ्या दिवशीं न सांगतां पुनः गेलों. मेथी आणली. सुटे पैसे बरोबर आणले. हें कोणीं लिहिलें नाहीं.' खरेंच कोणीं लिहिलें नव्हतें. मेथी आणली म्हणून त्या दिवशीं घरांत थोडी हंसाहंशी झाल्याचें मात्र आम्हांस आठवलें.

रात्रीं तो आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, तुम्ही माझी हजेरी घेतां होय?"

आम्हीं डॉक्टरांनीं सांगितलें होतें, तुझ्याच भल्यासाठीं, वगैरे जें बोलावयाचें तें बोललों. तें त्यानें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "मग मला कां नाहीं सांगितलं?" ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें. चाळीस वर्षांत आमच्या एकाहि विद्यार्थ्यानें आम्हांस असें निरुत्तर केलें नव्हतें. (पुतण्यानें ह्या ठिकाणीं समासांत लिहिलें आहे: 'तीस वर्षांत. चाळीस नव्हे.' आंकडा त्याचा बरोबर आहे.)

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं वही त्याच्यापुढें ठेवली व म्हटलें, आतां तूंच लिही; काय मोजावयाचें तेंहि तूंच ठरीव. त्यास चार दिवस लागले. मग त्यानें जो कागद आणून दिला त्यांत आंघोळ नव्हती. वसतिगृहांतील एका मित्राचा फोन आला तर उचलणें, हें पहिलें. रात्रींची गोळी आईनें न देतां स्वतः डबींतून काढून घेणें. पोवई नाक्यापर्यंत एकट्यानें पायीं जाऊन येणें. एस. टी. नें एकट्यानें पुण्यास जाऊन त्याच दिवशीं परतणें. आणि सर्वांत शेवटीं: 'जेवतांना कोणीं "बरं वाटतंय ना?" असें न विचारतां जेवण पुरें होणें.'

हें शेवटचें माप अर्थातच आमचें होतें, त्याचें नव्हे. त्याचेहि खाडे त्यानें लिहिण्यास आरंभ केला. पहिल्या महिन्यांत एकतीस दिवसांपैकीं सत्तावीस दिवस आमचा खाडा पडला. दादा सर्वांत वाईट. ते शब्दानें न विचारतां नजरेनें विचारीत, आणि तोहि खाडा धरला जाई. माणसाचें मोजमाप होत असतां त्यास कसें वाटतें हें आम्हां अकरा जणांस तेव्हां थोडें थोडें कळूं लागलें. आई एकदां चिडून म्हणाली, "मी माझ्या नातवाला विचारायचं नाहीं तर कुणाला?" त्यावर तो म्हणाला, "विचार ग आजी. पण भात वाढतांना नको." त्या दिवसापासून ती दुपारीं वर्तमानपत्र ऐकून झाल्यावर विचारते, आणि तो सांगतो. कधीं कधीं पुष्कळ सांगतो.

डॉक्टरांनीं हा कागद पाहिला, हंसले, आणि स्वतःच्या नोंदींत त्याचीं मापें लिहून घेतलीं. तास मोजणें त्यांनीं सोडलें नाहीं. त्यांच्या मतें दोन्हीं हवींत. तासांमुळें त्यांस एका रोग्याची दुसऱ्याशीं आणि ह्या महिन्याची मागल्याशीं तुलना करतां येते, आणि मुलाच्या कागदामुळें तास कशासाठीं वाढवावयाचे हें कळतें. इंग्लंडांतच २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, जे तरुण फारच आंखडून बसले होते त्यांच्याबरोबर घराबाहेर पडून, त्यांना स्वतःला काय हवें आहे तेथून आरंभ करून नऊ महिने काम केलें, तेव्हां नेहमींचे उपचार घेणाऱ्यांपेक्षां त्यांचे आठवड्याचे सुमारें आठ तास अधिक भरले. आठ तास ऐकण्यास थोडे वाटतात. ज्या घरीं नऊ तासांपासून आरंभ झाला त्या घरास ते किती वाटतात, हें आम्हांस विचारावें.

पुण्याचें महाविद्यालय त्यास परत घेण्यास तयार होतें, परंतु 'पूर्ण बरा झाला आहे' अशा शब्दांचा दाखला मागत होतें. असा दाखला कोणताहि प्रामाणिक डॉक्टर देणार नाहीं. मधुमेह्यास तरी कोण देतो? दादांनीं वर्षभर खेटे घातले. शेवटीं पुतण्यानेंच तो नाद सोडला आणि २०२४ सालीं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठांत नांव घातलें. अभियांत्रिकी गेली ह्याचें दुःख दादांस अजून आहे. त्यास आहे कीं नाहीं, हें त्यानें कोठें लिहिलेलें नाहीं आणि आम्हीं विचारलेलें नाहीं.

हें सर्व सरळ रेषेंत वर गेलें, असें वाचकांनीं समजूं नये. २०२५ च्या उन्हाळ्यांत परीक्षेच्या अगोदर त्याची झोप तीन तासांवर आली, मित्राचे फोन तो उचलीनासा झाला. ह्या वेळीं घरांत कोणाच्या लक्षांत येण्यापूर्वीं तें त्याच्याच लक्षांत आलें, कारण वहींत सलग सहा दिवस खाडे पडले होते. वही घेऊन तो आपल्या पायांनीं आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, डॉक्टरांकडे जाऊं या. मला हें चिन्ह बरं दिसत नाहीं." पहिल्या खेपेस अकरा आठवडे लागले होते. ह्या खेपेस अकरा तासहि लागले नाहींत. रुग्णालयांत राहावें लागलें नाहीं; तीन आठवड्यांत तो सांवरला. एका विषयांत नापास झाला. त्या विषयाचा उल्लेख तो आतां घरांतल्या इतर मुलांच्या नापास विषयांबरोबरच करतो.

आवाज अजून पूर्ण गेलेले नाहींत. वाईट दिवशीं ते रस्त्यापलीकडून ऐकूं येतात, असें तो म्हणतो. आठवड्यांतून चार दिवस तो आमच्या धाकट्या भावाच्या औषधांच्या दुकानांत मालाची नोंद ठेवतो. गिऱ्हाइकाशीं बोलणें अद्याप टाळतो. पुण्यास एकट्यानें जाऊन येण्याचा योग गेल्या डिसेंबरांत आला. सकाळीं सहाच्या गाडीनें गेला. दादा दिवसभर दोन खोल्यांतून येरझारा घालीत होते. फोन करावयाचा नाहीं असें ठरलें होतें व तें त्यांनीं पाळलें. रात्रीं आठ वाजतां तो परत आला. हातांत चितळ्यांची बाकरवडी होती. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. पानें मांडलेलीं होतींच, तो हातपाय धुऊन जेवावयास बसला आणि भात कालवतां कालवतां आपणहून म्हणाला, "स्वारगेटला गर्दी फार होती."

वही आतां त्याच्या खणांत असते आणि ती आम्हांस दाखविली जात नाहीं. डॉक्टरांस तो हवें तेवढें वाचून दाखवितो. स्वयंपाकघराच्या दारामागची दिनदर्शिका तेवढी आम्ही अजून संवयीनें पाहतों. परवां तिच्यावर एक टिंब दिसलें आणि आमच्या काळजांत चर्र झालें. वहिनींस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "अहो, गवळी आला नाहीं."